प्रत्यय लागला की शब्द का बदलतो?

आपल्या केम गावाचे नाव कुंकवामुळे दूरवर पोचले आहे. वाक्य साधे आहे. पण त्यातील एका शब्दापाशी श्रोत्यांनी जरा थांबावे. आम्ही 'कुंकवामुळे' असे म्हटले. मूळ शब्द 'कुंकू'. त्याच्या शेवटी दीर्घ ऊ आहे; 'व' तर त्यात कोठेच नाही. मग 'मुळे' जोडताना मध्येच हा 'वा' आला कोठून आणि 'ऊ' गेला कोठे? कुंकू तयार करणाऱ्या कारागिरापासून ते करंड्यात भरून ठेवणाऱ्या गृहिणीपर्यंत कोणीही 'कुंकूचा करंडा' म्हणत नाही. सगळे 'कुंकवाचा करंडा' असेच म्हणतात. हे त्यांना कोणी मुद्दाम शिकविलेले नसते. शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच ते त्यांच्या जिभेवर बसलेले असते.

शब्दाच्या शेवटी प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडताना मूळ शब्दाचे जे रूप होते, त्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. नाव जड आहे, वस्तू रोजची आहे. बोलताना ते आपोआप साधते. लिहिताना मात्र भल्याभल्यांची तारांबळ उडते. अर्ज लिहिताना 'जमिनीत' की 'जमीनीत', निमंत्रणपत्रिकेत 'दुधाचा' की 'दूधाचा', असे अडखळणे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. अशा वेळी पुष्कळजण 'आम्ही काय, अडाणी माणसे' म्हणून हात टेकतात. आमचे म्हणणे असे की, हात टेकण्याचे कारण नाही. या नियमांतील बहुतेक नियम आपल्याच बोलण्यातून निघालेले आहेत. ते कसे, हे येथे पाहावयाचे आहे.

इंग्रजीची तऱ्हा

आधी थोडे परमुलुखात जाऊन येऊ. इंग्रजी शिकताना स्पेलिंगचा त्रास कोणाला चुकलेला नाही. एका पायावर उडी मारणे या अर्थाचा 'हॉप' हा शब्द एच-ओ-पी अशा तीन अक्षरांनी लिहितात. आशा करणे या अर्थाच्या 'होप'ला त्याच तीन अक्षरांपुढे एक मुका ई असतो. हा ई स्वतः काही बोलत नाही, पण आधीच्या ओचा उच्चार लांबवितो. आता दोहोंना आयएनजी हा प्रत्यय लावावयाचा. 'होपिंग' लिहिताना मुका ई गळून पडतो. तो गळाल्यावर 'हॉपिंग' आणि 'होपिंग' यांचे स्पेलिंग एकच होऊन बसेल, म्हणून 'हॉपिंग'मध्ये पी दोनदा लिहितात. तो दुसरा पी कोणी उच्चारत नाही. आधीचा स्वर आखूड आहे, एवढीच पाटी तो हातात घेऊन उभा असतो.

दुसरा नियम वाय या अक्षराचा. 'हॅपी'च्या शेवटी वाय आहे. 'हॅपीनेस' करताना त्याच्या जागी आय येतो. पण 'प्ले'ला ईडी लावताना वाय जागचा हलत नाही, कारण त्याच्या आधी स्वराचे अक्षर आहे. तिसरी गोष्ट आघाताची. 'बिगिन' या शब्दात जोर शेवटी आहे, म्हणून 'बिगिनिंग'मध्ये एन दुहेरी होतो. 'ओपन'मध्ये जोर आरंभी आहे, म्हणून 'ओपनिंग'मध्ये एन एकच राहतो. या नियमांनाही अपवाद आहेत, आणि इंग्रजांत व अमेरिकनांत त्यावरून मतभेदही आहेत. 'ट्रॅव्हलिंग'मध्ये इंग्रज दोन एल लिहितो, अमेरिकन एकच. नोआ वेब्स्टर याचा १८२८ सालचा कोश अमेरिकन वळण रुजविण्यास मोठा कारण झाला.

या सर्व खटपटीचे मर्म एकच आहे. प्रत्यय लागल्यावरही मूळ शब्दाचा उच्चार वाचणाऱ्याला नीट कळावा. नियम डोळ्यांसाठी केलेले दिसतात, पण त्यांची चाकरी कानाकडे आहे. हे सूत्र हाती धरून आता आपल्या घरी परत येऊ.

मराठीची किल्ली

'आपण जसे बोलतो तसे लिहितो' असे आपण अभिमानाने म्हणतो. ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण त्यासाठी आपण कसे बोलतो याकडे आधी कान द्यावा लागतो.

'फूल' हा शब्द घ्या. लिहिताना त्यात दोन अक्षरे दिसतात. उच्चारताना मात्र शेवटच्या 'ल'मधील अ ऐकू येत नाही, म्हणून एकच ठोका पडतो. त्या ठोक्यात ऊ लांबतो. आता 'फुलाला' म्हणून पाहा. 'फु' हा ठोका आता शेवटचा राहिला नाही. आवाजाचा भार पुढच्या 'ला'वर सरकला आणि उ आखडला. जे जिभेने केले तेच लेखणीने करावयाचे: 'फूल' दीर्घ, 'फुलाला' ऱ्हस्व. अस्सल मराठी वळणाच्या शब्दांत इ आणि उ हे शेवटच्या ठोक्यावर लांबतात व आधीच्या ठोक्यांवर आखूड होतात, ही ती किल्ली.

ती आपल्या शेताभातातील शब्दांना लावून पाहू. ऊस, उसाचा. तूर, तुरीची. पीक, पिकाला. दूध, दुधाचे. पीठ, पिठात. वीट, विटेची. चूल, चुलीवर. मूल, मुलाला. जमीन, जमिनीत. गरीब, गरिबाला. वकील, वकिलाकडे. एकही कुलूप असे नाही की जे या किल्लीने उघडले नाही. आणि 'कुलूप' हा शब्दही 'कुलपाला' होताना काही वेगळे करीत नाही, फक्त आणखी एक पाऊल पुढे जातो. त्याकडे पुढे वळू.

येथे एक जपावे. सामान्यरूपाचे अगदी शेवटचे अक्षर, म्हणजे प्रत्ययाला टेकलेले अक्षर, इकारान्त किंवा उकारान्त असेल तर ते दीर्घच राहते. 'जमिनीत' या शब्दात 'मि' ऱ्हस्व झाला, पण 'नी' दीर्घ आहे. 'चुलीवर' मध्ये 'चु' ऱ्हस्व, 'ली' दीर्घ. त्याचप्रमाणे कवीला, गुरूने, पाटीवर.

आपल्या जिल्ह्याच्या नावावरही हा प्रयोग होतो. गावाच्या नावाअखेरचे 'पूर' दीर्घ लिहावे असा नियम आहे: सोलापूर, पंढरपूर. पण 'सोलापुरात' म्हटले की 'पु' ऱ्हस्व होतो. 'सोलापुरी चादर' या जगप्रसिद्ध वस्तूच्या नावातही तो ऱ्हस्वच. मात्र आपण 'सोलापूरला गेलो' असे म्हणतो, तेव्हा 'सोलापूर' हे रूप न बदलता त्याला 'ला' नुसता चिकटतो, म्हणून तेथे दीर्घच राहतो. एकाच गावाच्या नावात 'पू' आणि 'पु' दोन्ही का दिसतात, याचे उत्तर इतके सरळ आहे.

मधला स्वर गळतो तेव्हा

काही शब्दांत जीभ आणखी काटकसर करते. शब्द तीन अक्षरी असून त्याचे पहिले अक्षर दीर्घ असेल, तर मधला ई किंवा ऊ आखूड होऊन थांबत नाही. तो पार नाहीसा होऊन त्याच्या जागी अ येतो. लाकूड, लाकडाला. कापूस, कापसाचा. माणूस, माणसाला. बेरीज, बेरजेत. तारीख, तारखेला. पहिल्या अक्षराने वजन घेतले, प्रत्ययाने पुढून ओढले, मधला स्वर त्या ओढाताणीत झिजला. 'लाकूडाची मोळी' असे केमच्या बाजारात कोणी म्हणेल काय? ज्याने व्याकरणाचे नावही ऐकलेले नाही, तोही 'लाकडाची' असेच म्हणतो. मग कागदावर 'लाकूडाची' हे रूप येते कोठून? लिहिताना आपण आपल्या कानावर विश्वास ठेवीत नाही, तेथून.

इंग्रजीशी तुलना करण्याजोगी एक मौज येथे आहे. इंग्रजीत प्रत्यय लागताना व्यंजन दुहेरी होते. मराठीत दुहेरी असलेले एकेरी होते. तीन अक्षरी शब्दात मध्ये क किंवा प यांचे द्वित्व असेल तर सामान्यरूपात ते सुटते. रक्कम, रकमेचा. छप्पर, छपरावर. दुप्पट, दुपटीने. मधल्या म-च्या आधीचा अनुस्वारही असाच निघून जातो. किंमत, किमतीला. गंमत, गमतीने. हिंमत, हिमतीने. पावतीपुस्तकात 'रक्कमेचा' लिहिणाऱ्याने ते एकदा मोठ्याने वाचावे; जीभच तक्रार करील.

ऊ आणि व यांचे नाते

आता कुंकवाकडे येऊ. ऊ आणि व ही एकाच घरची भावंडे आहेत. ऊ-च्या पुढे आ आला की ओठ गोल करून पुन्हा उघडताना व आपोआप निर्माण होतो. म्हणून कुंकू, कुंकवाचे. भाऊ, भावाला. विंचू, विंचवाने. नातू, नातवाला. शब्दाच्या पोटातील ऊदेखील असाच वागतो: देऊळ, देवळात, पाऊस, पावसात, पाऊल, पावलाने. ई आणि य यांचेही तसेच नाते आहे. इंग्रजीतील वाय व आय यांची अदलाबदल ज्यांना चमत्कारिक वाटते, त्यांनी आपल्या घरातील ही अदलाबदल पाहावी.

सर्वच उकारान्त शब्द व घेतात असे नाही. वासरू, लेकरू, पाखरू यांची रूपे वासराला, लेकराला, पाखराला अशी होतात. 'चाकूने', 'गणूला' यांत काहीच बदलत नाही. हा भेद पाठ करण्याचा नाही. तो कानाला विचारावयाचा.

या नात्यामुळे क्रियापदांत एक चूक फार होते. 'ठेऊन', 'जेऊन', 'लाऊन' असे लेखन पावलोपावली दिसते. कसोटी सोपी आहे. त्या क्रियापदाचे वर्तमानकाळाचे रूप म्हणून पाहावे. 'ठेवतो', 'जेवतो', 'लावतो' यांत व स्पष्ट ऐकू येतो, म्हणून ठेवून, जेवून, लावून. 'जातो', 'येतो', 'घेतो' यांत व नाही, म्हणून जाऊन, येऊन, घेऊन.

पाहुणे आणि वडीलधारे

परभाषेतून आलेले शब्द मराठीत रुळले की नाहीत, हे ओळखण्याची उत्तम खूण म्हणजे सामान्यरूप. जमीन, वकील, तारीख, गरीब हे शब्द फारसी-अरबीतून आले, पण आज ते मराठीच्या शिस्तीत वावरतात. इंग्रजीतील 'तिकीट' आपण 'तिकिटाला' करतो, 'बूट'चे 'बुटात' करतो; कचेरीतील 'फाईल' तर 'फायलीत' जाऊन पडते. आगगाडीबरोबर, कचेरीबरोबर आलेल्या या पाहुण्यांना भाषेने घरच्या कामाला लावले आहे. क्वचित एखादा पाहुणा अर्धी शिस्त पाळतो. 'पोलीस' या शब्दाचे पहिले अक्षर दीर्घ असूनही आपण 'पोलसाला' म्हणत नाही, 'पोलिसाला' म्हणतो.

याउलट संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले, म्हणजे तत्सम, शब्द घरातील वडीलधाऱ्यांसारखे आहेत. ते आपली जागा सोडीत नाहीत. शरीर, शरीराला. गीत, गीतात. सूत्र, सूत्राने. परीक्षा, परीक्षेला. आणि गुण, विष, कुसुम यांत शेवटच्या ठोक्यावर असूनही इ-उ ऱ्हस्वच राहतात. आपल्या गावातच याचे सुंदर उदाहरण आहे. 'कुंकू' हा मराठी वळणाचा शब्द, म्हणून शेवटी दीर्घ. 'कुंकुम' हा तत्सम, म्हणून त्यातील 'कु' ऱ्हस्व. वस्तू एक, शब्दांची कुळे दोन.

समासातही कुळ पाहावे लागते. एकटा शब्द 'मृत्यू' असा दीर्घ लिहितो, पण समासात 'मृत्युपत्र'. 'पशू', पण 'पशुवैद्य'. 'गुरू', पण 'गुरुदक्षिणा'. कारण संस्कृतात हे शब्द मुळी ऱ्हस्वान्त आहेत. 'वधू' आणि 'लक्ष्मी' मुळातच दीर्घ, म्हणून 'वधूवर' आणि 'लक्ष्मीपुत्र' यांत दीर्घ कायम.

खरी अडचण आहे ती येथे. मराठी वळणाच्या शब्दांत कान वाट दाखवितो. तत्सम शब्दांत कान पुरत नाही, शब्दाचे मूळ ठाऊक असावे लागते. ज्या घरात संस्कृतचा गंध नाही, त्या घरातील मुलाला ते कसे ठाऊक असावे? तो 'परिक्षा' लिहितो, 'शरिराला' लिहितो. ही चूक आहे खरी, पण ती अडाणीपणाची चूक नाही. 'जमीन'चे 'जमिनीला' करणारा नियम त्याने नकळत आत्मसात केला आणि तोच पुढे चालविला. अशा वहीवर नुसती तांबडी रेघ ओढणाऱ्या गुरुजींनी 'तुझा नियम बरोबर आहे, शब्द दुसऱ्या कुळातला आहे' एवढे सांगितले, तर मुलाचा धीर खचणार नाही. तत्सम शब्दांची यादी अमर्याद नाही. रोजच्या वापरातील शे-दोनशे शब्द डोळ्यांखालून घातले की काम भागते.

नियम आले कोठून

हे नियम कोणा एकाने आकाशातून आणलेले नाहीत. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली निघाले. पुढे १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. त्याचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. मो. रा. वाळंबे यांची पुस्तके आणि अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' यांनी हे नियम घरोघर नेण्यास मोठे साहाय्य केले. इंग्रजीला असे एकच अधिकृत मंडळ नाही. तेथे कोशकार आणि छापखाने यांच्या वहिवाटीवर कारभार चालतो.

१९६२ च्या नियमांनी एक मोठी गोष्ट केली. उच्चारात न येणारे अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वी 'नाहीं', 'पुस्तकें', 'घरांत' असे लिहीत. एका घरातही 'घरांत'च. आता 'घरात' म्हणजे एका घरात आणि 'घरांत' म्हणजे अनेक घरांत. सामान्यरूपावरील अनुस्वार हे अनेकवचनाचे चिन्ह ठरले. थोरामोठ्यांविषयी आदराने बोलतानाही तो येतो: 'गुरुजींनी सांगितले', 'पाहुण्यांचे भाषण झाले'.

टिंबाची किंमत

कोणी म्हणेल, एका टिंबाने असे काय होते? वाटणीच्या एखाद्या कागदावर 'मुलाचा हिस्सा' असे लिहिले तर हिस्सा एका मुलाचा. 'मुलांचा हिस्सा' लिहिले तर तो सर्वांचा. 'भावाच्या नावे' आणि 'भावांच्या नावे' यांत टिंबाएवढेच अंतर आहे, पण त्या टिंबाखाली शेताचा बांध असतो. मृत्युपत्र करणारा माणूस आपल्या मनात काय होते हे सांगण्यास नंतर येत नाही. मागे राहतो तो कागद, आणि कागदावरचे ते टिंब. म्हणून शुद्धलेखन हा पंडितांच्या चैनीचा विषय नाही. ज्याला आपले म्हणणे कागदावर नेमके उतरविता येते, त्याला दुसऱ्याच्या लेखणीवर अवलंबून राहावे लागत नाही. सावकाराच्या वहीवर आणि कारकुनाच्या अक्षरावर ज्यांच्या पिढ्या अवलंबून राहिल्या, त्यांना याचे मोल निराळे सांगावयास नको.

तेव्हा आमची सूचना एवढीच. लिहिताना अडखळलात तर शब्द प्रत्ययासह मोठ्याने उच्चारा. शेवटच्या ठोक्याआधीचा इ-उ आखूड ऐकू आला तर ऱ्हस्व लिहा; नाहीसा झाला तर तेथे अ लिहा; व ऐकू आला तर व लिहा. शब्द संस्कृतातील वाटला तर कोश उघडा. प्रत्यय आणि 'वर', 'खाली', 'मुळे', 'साठी' यांसारखे शब्द मागच्या शब्दाला जोडूनच लिहा. 'रस्त्या वर' असे तोडू नका. एकाविषयी लिहीत आहोत की अनेकांविषयी, हे पाहून टिंब द्या किंवा गाळा. आज मोबाइलवर मराठी लिहिणारे हात पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक आहेत. यंत्र शब्द सुचविते, पण हिस्सा एका मुलाचा की अनेकांचा, हे त्याला ठाऊक नसते. ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि ते नीट उतरविण्याची जबाबदारीही त्याचीच.